थांबे

टेबलावरच्या प्लॅस्टिकला कप चिकटतायत,
बाहेर नोव्हेंबरचा वारा आख्ख्या अथलोनमधल्या
कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आपटून बघतोय,
आणि मी लॅपटॉप उघडून बसलेय
डिसेंबरच्या अकरा दिवसांचे चौकोन पाडत.

बाबा म्हणतात, पहिला मुक्काम मॉसेल बे.
आई म्हणते, जिथे भांड्यांना गरम पाणी असेल तिथे.
रिदवानला फक्त झुलता पूल हवाय,
स्टॉर्म्स नदी समुद्रात शिरते तिथला,
मधोमध उभं राहून ओरडायला.
गाडी तौफिकमामाची :
एसी चढावर दम टाकतो,
मागचं दार आतून उघडत नाही.

ओपा कोपऱ्यात. रस्क चहात बुडवतात
आणि मोडायच्या आत तोंडात.
हे गणित त्यांचं कधी चुकलेलं
मी तरी पाहिलेलं नाही.

ओपा, तुम्ही सांगा ना.
बावीस वर्षं याच रस्त्यावर
फर्निचरचा ट्रक चालवलात.

ते हात पुसतात. पेन्सिल मागतात.
मी छापून आणलेल्या नकाशावर
किनाऱ्याची रेघ बोटानं चाचपत जातात,
शिंपी कापडाची कड चाचपतो तशी.

इथे एक निलगिरी. सावली दुपारी दोनपर्यंत.
हा पंप. डिझेल द्यायचे.
बाकी काही नाही द्यायचे, चावीसुद्धा नाही,
म्हणून त्याच्या अलीकडे, हे बघ, झुडपं.
इथे मागच्या खिडकीतून पाव मिळायचा,
बाई चांगली होती, सुटे पैसे मोजून हातात ठेवायची,
काउंटरवर नाही.
ही उतरण. इथे रात्री झोपायचो.
ट्रकमध्ये बारा गाद्या नव्याकोऱ्या,
आणि मी स्टिअरिंगवर.

आणि इथे?
इथे समुद्र.
कसा होता?
निळा होता, म्हणतात. रस्त्यावरून.

पायऱ्या होत्या खाली जायला, त्यांच्या तोंडाशी पाटी.
पाटीवर काय होतं ते ते सांगत नाहीत.
आई उठून समोसे बघायला जाते,
अजून तळायला घेतलेले नसतात.

मग कुणीतरी काहीतरी बोलायला हवं
म्हणून मी अड्डोच्या पार्कचे नियम वाचत सुटते :
गाडीतून उतरू नका.
संत्री आणू नका, हत्तींना वास लागतो.
फाटक अंधाराआधी बंद.
आणि रस्त्यावर जागोजागी पाट्या आहेत,
शेणकिड्यांना आधी जाऊ द्या,
वाट त्यांची आहे.

कोणाची?
शेणकिड्यांची, ओपा.
पाटी लावलीय?
सरकारी. चित्रासकट.

ओपा हसायला लागतात.
आधी खांदे, मग पोट, मग खुर्ची.
रिदवान त्यांच्या पाठीवर थापट्या मारतो,
बाबांनाही कळत नाही हसावं की पाणी आणावं,
आणि रस्क, बावीस वर्षांच्या रस्त्यावर न चुकलेला,
कपात मोडून पडतो. तळाशी जातो.

डोळे पुसत ते म्हणतात, ती पाटी मला बघायचीय.
मग जरा थांबून :
आणि घडीची खुर्ची घे. पट्ट्यांची.
वाळूवर मांडायची. पायऱ्यांनी उतरून.

मी मॉसेल बे पुढे ढकलते.
दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात लिहिते :
पायऱ्या. सकाळी नऊपासून.
किती वाजेपर्यंत, ती जागा कोरी सोडते.

आई चमचा आणते.
ओपा तळाचा लगदा खाऊन टाकतात, चवीनं,
आणि विचारतात,
मामाच्या गाडीत मागे कोण बसणार?
त्या दाराला आतून कडी बसवून घ्या.